कर्ण्यातला आवाज आणि तारेचा भाव



आज तुम्हांला एका कारखान्यात घेऊन जायचे आहे. साखर कारखाना तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ऊस एका बाजूने आत जातो, साखर दुसऱ्या बाजूने पोत्यात पडते. मधे काय झाले ते थोडेफार डोळ्यांना दिसते. आजच्या कारखान्यातला माल मात्र डोळ्यांनी पारखता येत नाही. तो कानांनी पारखायचा असतो, आणि सगळी गोम तिथेच आहे. हा कारखाना लाउडस्पीकरचा, आणि त्याच्या शेजारचा लाउडस्पीकरला जोडायच्या तारांचा.

लाउडस्पीकर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे देवळाच्या शिखराला किंवा पिंपळाच्या फांदीला बांधलेला कर्णा येतो. तो आपला जुना सोबती आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांची छायाचित्रे पाहा. पुढाऱ्यांच्या समोरच्या मायक्रोफोनवर ‘शिकागो रेडिओ’ अशी अक्षरे दिसतील. नाव अमेरिकेचे, पण कंपनी आपल्या मुंबईची, मोटवाने कुटुंबाची. त्या कर्ण्यांनी लाखो माणसांपर्यंत शब्द पोचवला. पण कर्ण्याचे काम आवाज लांब फेकण्याचे; गोडव्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. गोडव्यासाठी पेटीतले स्पीकर वेगळे असतात. त्यांतल्या अगदी उंची स्पीकरांची जोडी काही लाखांना पडते, आणि कोटीच्या घरात जाणाऱ्या जोड्याही आहेत. एवढेच नव्हे, तर ती जोडायची तारसुद्धा लाखांना विकली जाते. हो, तार! दोन-चार हात लांबीची तार, चांगल्या बैलजोडीपेक्षा महाग.

तुम्ही म्हणाल, असल्या श्रीमंती खेळाशी आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो मला पदरचे पैसे खर्चून कळला. पदरचे म्हणजे खरे तर गावाचे.

मी ज्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, तिथे एका वर्षी लोकवर्गणीतून ध्वनियंत्रणा घ्यायची ठरली. कोणी शंभर दिले, कोणी दोनशे. एका आजींनी कोंबडी विकून आलेले पैसे आणून दिले आणि बजावले, “गुरुजी, चांगलं सामान आणा, गावाचा पैसा आहे.” आम्ही दोघे शिक्षक तालुक्याला गेलो. दुकानदाराने आम्हांला एक तार दाखवली. वरचे आवरण काचेसारखे पारदर्शक, आत सोन्यासारखी झळझळणारी तांब्याची वेणी, जाडी करंगळीएवढी. “गुरुजी, परदेशी तार आहे. आवाज सगळा तारेत असतो,” तो म्हणाला. तारेत पैसे इतके गेले की स्पीकर हलक्या प्रतीचे घ्यावे लागले. सव्वीस जानेवारीला मुलींनी भाषणे केली. मागच्या निम्म्या अंगणाला एक शब्द नीट कळला नाही. आजी मागेच बसल्या होत्या.

त्या दिवसापासून मी विचारत सुटलो, की स्पीकरमध्ये पैसा नेमका कशाचा असतो आणि तारेत कशाचा? त्याचे उत्तर शोधायला आपण आज मनाने इंग्लंडला जाऊ. रेडिओवरच्या प्रवासाला तिकीट लागत नाही.

उत्तर इंग्लंडात यॉर्कशर नावाचा परगणा आहे. तिथे वार्फ नावाची नदी वाहते, आणि तिच्या खोऱ्याला म्हणतात वार्फडेल. या खोऱ्यात इल्कली नावाचे गाव आहे. तिथे गिल्बर्ट ब्रिग्ज नावाचा गृहस्थ राहत असे. जन्म १८९०चा. धंदा कापडाचा, नाद पियानोचा. घरी पियानो वाजवावा आणि मग रेडिओवर तोच पियानो ऐकावा, तर तो टिनाच्या डब्यातून आल्यासारखा वाटे. पुष्कळांना तसे वाटत असेल. या गृहस्थाने १९३२ साली घराच्या तळघरात बसून स्वतःच स्पीकर बनवला. पुढे ब्रॅडफर्डच्या रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत दोन स्पीकर पाठवले, तर पहिला आणि दुसरा असे दोन्ही क्रमांक त्यालाच मिळाले! नदीच्या खोऱ्याचेच नाव त्याने आपल्या कारखान्याला दिले. वयाच्या चाळिशीनंतर, कापडाचा धंदा मंदावलेला असताना, माणसाने तळघरातून सुरू केलेले हे काम आहे, हे मुद्दाम सांगतो.

आता त्या तळघरात उतरून तो काय बनवत होता ते बघू.

स्पीकर उघडला तर आत चार-पाचच वस्तू दिसतात. मागे एक चुंबक. चुंबकात गोल खाच. त्या खाचेत, कडांना न शिवता, तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे लोंबते. वेटोळे चिकटवलेले असते एका कागदी शंकूला. शंकूची कड मऊ असते, म्हणजे तो पुढेमागे हलू शकतो. बस, एवढेच. वेटोळ्यातून वीज गेली की ते स्वतः चुंबक बनते, मागचे चुंबक त्याला ढकलते किंवा ओढते, शंकू हलतो, शंकू हवेला ढकलतो, हवा तुमच्या कानाच्या पडद्याला. ही रचना नीट बसवून दाखवली ती अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग या दोघांनी, १९२५ साली. शंभर वर्षे होऊन गेली, पण आजही तुमच्या टीव्हीत, मोटारीत आणि उंचीतल्या उंची पेटीतही मुख्यतः हीच रचना आहे.

शिक्षक मित्रहो, वर्गात हा प्रयोग अवश्य करा. मोडक्या रेडिओतला स्पीकर काढा. टॉर्चचा एक सेल घ्या, दीड व्होल्टचा. सेलच्या दोन टोकांच्या तारा स्पीकरच्या दोन कानांना क्षणभरच टेकवा. ‘टक्’ असा आवाज होईल आणि शंकू पुढे उडी मारेल. आता तारा उलट करून टेकवा. शंकू आत जाईल. मुलांचे बोट शंकूवर हलकेच ठेवायला सांगा. वीज, चुंबक आणि आवाज यांचे नाते तीस पानी धड्यात कळत नाही तेवढे त्या बोटाला कळते. घरातल्या दिव्याच्या विजेला मात्र स्पीकर चुकूनही जोडायचा नाही.

याच प्रयोगात एक व्यवहाराची गोष्टही आहे. दोन स्पीकर शेजारी लावले आणि एकाच्या तारा उलट जोडल्या, तर एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो. एकाने ढकललेली हवा दुसरा गिळतो. आवाज पोकळ होतो, तबल्याचा डग्गा नाहीसा होतो. पुष्कळ मंडपांत ‘स्पीकर बिघडला’ म्हणतात, तेव्हा बिघडलेले काही नसते. लाल-काळ्याची अदलाबदल झालेली असते.

रचना इतकी साधी, मग लाखांचा भाव कशाचा? ऐका. खाच आणि वेटोळे यांच्यातली मोकळी जागा मिलिमीटरचा काही अंश असते. वेटोळे तिथे सेकंदाला पन्नास वेळा हलते आणि त्याच वेळी पाच हजार वेळाही हलते, कारण मृदंग आणि झांज एकदमच वाजत असतात. कोठे किंचित घासले तर खरखर. गोंद जास्त झाला तर शंकू जड. शंकू फार मऊ असेल तर तो एका अंगाने थरथरतो, फार कडक असेल तर पत्र्यासारखा वाजतो. कागदाचा लगदा किती वाटायचा, त्यात काय मिसळायचे, यावर कारागिरांनी आयुष्ये घालवली आहेत. तबल्याच्या पुडीवर शाई भरणारा कारागीर पाहिला आहे ना? एकेक थर, प्रत्येक थरानंतर घोटणे, पुन्हा ठोकून ऐकणे. तसलेच हे काम.

शिवाय एकच शंकू सगळे सूर नीट काढू शकत नाही. खर्जाच्या पन्नास कंपनांच्या सुराची लाट हवेत जवळजवळ सात मीटर लांब असते; दहा हजार कंपनांच्या बारीक सुराची लाट फक्त साडेतीन सेंटिमीटर. खर्जाला पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून मोठा शंकू. बारीक सुराला चपळाई लागते, म्हणून अंगठ्याएवढा घुमट. कोणता सूर कोणाकडे पाठवायचा हे ठरवणारे एक छोटे मंडल पेटीत असते. आपल्या बांधावरच्या पाटाच्या दारासारखे समजा: इकडचे पाणी उसाला, तिकडचे भाजीला. हे दार चुकीच्या जागी बसवले, तर माणसाचा आवाज मधोमध फाटतो.

आता पेटीकडे या. मला स्वतःला सगळ्यांत नवल वाटले ते पेटीचे.

नुसता स्पीकर हातात धरून वाजवा. खर्ज येतच नाही. शंकू पुढची हवा दाबतो त्याच क्षणी मागची हवा सैल होते, आणि दाबलेली हवा कडेवरून वळून मागे पळते. जाड पुठ्ठ्याला शंकूएवढे भोक पाडून त्यात तोच स्पीकर बसवा. आवाज एकदम भरदार होईल. हाही प्रयोग वर्गात दोन मिनिटांत होतो. पुठ्ठ्याच्या कडा मागे वळवून बंद केल्या की झाली पेटी.

पण पेटीची एक अडचण असते. मिरजेला सतार-तंबोऱ्याचे कारागीर आहेत. ते भोपळा निवडताना बोटाने वाजवून पाहतात, कारण तंबोऱ्याचा भोपळा गायला हवा. तारेइतकाच भोपळाही वाद्याचा आवाज असतो. स्पीकरच्या पेटीचे नेमके उलट आहे, बरे का. ती मुकी हवी. पेटी स्वतः गाऊ लागली तर भीमसेनजींच्या आवाजात फळीचा आवाज मिसळतो. चांगल्या स्पीकरच्या पेटीला टिचकी मारली तर दगडाला मारल्यासारखा ‘ठप्’ आवाज येतो. हलक्या पेटीला मारली तर डफासारखा.

ब्रिग्जने यावर काढलेला उपाय आपल्याकडच्या गवंड्यालाही पटेल. दोन पातळ फळ्या घ्यायच्या आणि त्यांच्या मधल्या पोकळीत कोरडी वाळू भरायची! फळी थरथरू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात आणि थरथर मरून जाते. त्याने खोलीच्या कोपऱ्यात विटांची पेटीही बांधली. वीट आणि वाळू. उंची आवाजाचा मोठा भाग असल्या स्वस्त वस्तूंत आणि त्या लावण्याच्या अकलेत आहे, हे ऐकून मला आमच्या खरेदीची लाज वाटली.

मात्र ब्रिग्जने खरी कमाल केली ती पुढे. व्यापारी आपल्या मालाचे गुण सांगतोच. याने लोकांना सांगितले, तुम्हीच ठरवा. १९५४ सालच्या नोव्हेंबरात लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्याने कार्यक्रम केला. सुमारे तीन हजार माणसांचे सभागृह. रंगमंचावर वादक प्रत्यक्ष वाजवत आणि मग त्याच वादनाचे ध्वनिमुद्रण स्पीकरमधून ऐकवले जाई. लोकांनी आपल्या कानांनी ताडून पाहावे. अॅम्प्लिफायर होता पीटर वॉकर या दुसऱ्या इंग्रज कारागिराचा. पुढच्या वर्षी, १९५५ साली, असाच कार्यक्रम न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही झाला. अस्सल आणि नक्कल शेजारीशेजारी ठेवण्याची हिंमत किती दुकानदार दाखवतील?

ब्रिग्जने कारखाना १९५८ साली रँक या मोठ्या कंपनीला विकला. त्याच्या हाताखालचा तंत्रज्ञ रेमंड कुक बाहेर पडला आणि १९६१ साली दक्षिणेला केंट परगण्यात, मेडस्टन गावी, नवा कारखाना काढला. जागा कोणती? ‘केंट इंजिनिअरिंग अँड फाउंड्री’ नावाच्या धातूकामाच्या कारखान्याच्या आवारातली पत्र्याची अर्धगोल शेड. त्या नावाची आद्याक्षरे घेऊन कंपनीचे नाव झाले केफ. कुकने कागदाऐवजी प्लॅस्टिकचे शंकू केले. कागद पावसाळ्यात ओल धरतो आणि उन्हाळ्यात सुकतो. दोन शंकू कधी अगदी सारखे निघत नाहीत. प्लॅस्टिकचे पुष्कळ सारखे निघतात. पुढे १९७०नंतरच्या दशकात त्याने प्रत्येक स्पीकरचा आवाज संगणकाने मोजून, ज्यांचे मोजमाप जुळते अशांच्या जोड्या लावायला सुरुवात केली. बैलजोडी निवडताना आपण उंची, चाल, वय जुळवतो ना, तसेच. डावा-उजवा सारखा नसेल तर गाणारा मधे उभा आहे असे वाटत नाही, तो एका बाजूला झुकतो. उंची स्पीकरच्या किमतीत या मोजण्याचा आणि नापास माल बाजूला टाकण्याचा वाटा मोठा असतो.

आता रेडिओच्या माणसाला जवळची गोष्ट. बीबीसीला आपल्या फिरत्या गाडीत बसेल असा लहान पण खरे बोलणारा स्पीकर हवा होता. गाडीतल्या तंत्रज्ञाला त्यावर ऐकून ठरवायचे असे, की मायक्रोफोन बरोबर लागला आहे की नाही. १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बीबीसीच्या तंत्रज्ञांनी तो तयार केला. आतले दोन्ही शंकू केफचे. पेटीची उंची तीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या तेलाच्या डब्याहून लहान. आजही जुनी जोडी लोक हौसेने शोधून घेतात. बीबीसीचे तंत्रज्ञ स्पीकर पारखायला मोठमोठे वाद्यवृंद वापरतच, पण त्यांचा फार भरवशाचा मापदंड होता साधे माणसाचे बोलणे. माणसाचा आवाज आपण जन्मापासून ऐकतो. त्यात खोट आली तर कोणीही ओळखतो. व्हायोलिनमधली खोट ओळखायला व्हायोलिनवालाच लागतो. तेव्हा स्पीकर घ्यायला गेलात आणि दुकानदाराने ढोल-ताशाची ध्वनिफीत लावली, तर त्याला म्हणा, बातम्या लावा. निवेदक नाकात बोलतो आहे का, ‘स’ आणि ‘श’ टोचतात का, डोळे मिटून ऐका. आमच्या शाळेला हे एवढे ठाऊक असते तर!

स्पीकरच्या कारखान्यातून आता निघू आणि तारेच्या कारखान्यात शिरू. हा अगदी वेगळा धंदा आहे, आणि तसा अलीकडचा. १९७०पर्यंत स्पीकरला दिव्याची साधी दुपदरी तार जोडत, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. १९७९ साली अमेरिकेत नोएल ली नावाच्या तंत्रज्ञाने जाडजूड तारा स्पीकरसाठी म्हणून वेगळ्या विकायला सुरुवात केली. धंदा असा फोफावला की बघता बघता जगभर शेकडो नावे झाली. काही कारखाने तर स्पीकर आणि तार दोन्ही करतात.

कारखाना पाहायला मात्र मोठा देखणा. तांब्याचा जाड गज एकापेक्षा एक लहान भोकांतून ओढत ओढत केसासारखा बारीक करतात. आपला सोनार भोकांच्या पोलादी पट्टीतून चांदीची तार ओढतो तेच मोठ्या प्रमाणावर. मग अशा कितीतरी तारांचा पीळ. त्यावर प्लॅस्टिकचे आवरण. आणि सर्वांत बघण्यासारखे वेणी घालायचे यंत्र. तुम्ही गोफ पाहिला आहे? वरून दोऱ्या सोडलेल्या, मुली टिपऱ्या खेळत एकमेकींच्या आतून-बाहेरून फिरतात, आणि वर वेणी गुंफली जाते. हे यंत्र म्हणजे लोखंडी गोफ. मुलींच्या जागी तारेच्या रिळा, एक गट उजवीकडून, दुसरा डावीकडून, आत-बाहेर, आत-बाहेर. तासभर उभे राहून पाहावे. माल देखणा होतो यात शंकाच नाही. प्रश्न इतकाच, की त्या देखणेपणाचा आवाजाशी संबंध किती?

इथे पाटी-पेन्सिल घ्या. तांब्याची एक चौरस मिलिमीटर जाडीची तार असेल तर तिचा विजेला होणारा अडथळा दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम. तार दुप्पट जाड केली की अडथळा निम्मा. स्पीकरचा स्वतःचा अडथळा बहुधा आठ ओहम धरतात. आता अॅम्प्लिफायर कचेरीत आणि स्पीकर अंगणाच्या टोकाला, अंतर तीस मीटर. वीज जाते आणि परत येते, म्हणून तार साठ मीटर. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक तार लावली तर अडथळा दोन ओहमच्या वर जातो, आणि स्पीकरला मिळायच्या शक्तीतली तिसऱ्या हिश्शाहून अधिक कमी होते. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तार, घरात मोटारपंपापर्यंत ओढतात तसली, लावली तर घट फक्त दहाव्या हिश्शाची.

मी आमची करंगळीएवढी तार कापून पाहिली. आवरण जाड, त्याच्या भिंगामुळे आतली वेणी फुगून दिसत होती. धातू जेमतेम अर्धा चौरस मिलिमीटर. चाकूने खरवडले तर वरचा तांबूस पापुद्रा निघाला आणि आत पांढरे अॅल्युमिनियम! असल्या तारेचा अडथळा तांब्याच्या दीडपट. हिशेब केला तर स्पीकरपर्यंत जेमतेम निम्मी शक्ती पोचत होती. खरेदीला जाताना खिशात चाकू ठेवा, हे म्हणूनच सांगतो.

पण इथे प्रामाणिकपणे आणखी एक सांगायला हवे. शक्ती निम्मी झाली म्हणून कानाला आवाज निम्मा वाटत नाही. कानाचा हिशेब निराळा आहे. त्याला तो थोडा उतरल्यासारखा वाटतो. अॅम्प्लिफायरचा कान जरा पिळला की भरून निघतो. मग मागच्या लोकांना शब्द का कळले नाहीत? तर स्पीकर हलके होते म्हणून. तारेने आमचा आवाज जेवढा खाल्ला त्याहून जास्त तिने स्पीकरचे पैसे खाल्ले.

बरे, आमची तार तर खोटी होती. अस्सल लाखांच्या तारेचे काय? तिचे विक्रेते सांगतात, आमची चांदीची आहे. चांदी तांब्याहून वीज बरी वाहते, खरेच; पण शंभराला पाच-सहाच. तांब्याची तार तेवढीच जाड घेतली की हिशेब फिटला. ते सांगतात, प्राणवायूरहित तांबे आहे. असेल, साध्या विजेच्या तांब्याशी ताडले तर वहनात फरक जवळजवळ नाही. ते सांगतात, बारीक सूर तारेच्या कातडीवरून वाहतात. हेही खोटे नाही. पण माणसाला ऐकू येणाऱ्या अगदी वरच्या सुरालासुद्धा तांब्यात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास खोली मिळते. दोन मिलिमीटरच्या तारेत त्याने फारसे काही अडत नाही. खोटे बोलले जात नाही, खरे फुगवून सांगितले जाते. आमच्या तारेच्या आवरणासारखेच.

कानांची साक्षही काढली गेली आहे. १९८३ साली अमेरिकेच्या ‘स्टिरिओ रिव्ह्यू’ मासिकाने श्रोत्यांना तारा न दाखवता परीक्षा घेतली. गाणे ऐकताना जाड साधी तार आणि महाग तार यांतला फरक लोकांना खात्रीने ओळखता आला नाही. अगदी बारीक तार मात्र फसफसणाऱ्या चाचणीच्या आवाजावर ओळखली गेली, कारण आवाज उतरला होता. २००७ साली जेम्स रँडी या जादूगाराने तर दहा लाख डॉलर लावले होते: सुमारे सव्वासात हजार डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने तीन लाख रुपयांच्या घरातली तार, साध्या तारेपासून केवळ कानाने ओळखून दाखवा. ती परीक्षा झालीच नाही, तेव्हा तिच्यातून काही सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही.

तुमच्या शाळेत ही परीक्षा करता येईल. दोन तारा, मधे पडदा. नाणे उडवून कोणती जोडायची ते ठरवा, मुलांनी ऐकून कागदावर लिहावे. दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने पाच बरोबर येतातच. नऊ किंवा दहा बरोबर यायची शक्यता शंभरात एकदाची. ती शक्यता मुलांना काढायला लावा, गणिताचा तासही होईल. मात्र दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेवा. किंचित मोठा आवाज माणसाला नेहमी ‘चांगला’ वाटतो. दुकानात महाग वस्तू दाखवताना कोणाचा हात बटणाकडे जातो, तेवढे पाहत जा.

म्हणजे तार कोणतीही चालते काय? नाही. मायक्रोफोनची तार वेगळी. मायक्रोफोनमधून निघणारी वीज अतिशय क्षीण असते, आणि शेजारून जाणारी दिव्याची तार तिच्यात ‘हूं’ मिसळते. तिथे वर जाळीची वेणी असलेलीच तार हवी, आणि तिची दोन्ही टोके नीट झाळलेली हवीत. गोफासारख्या त्या यंत्राचा खरा उपयोग मला इथे दिसला. तसेच गावभर लांब कर्णे लावायचे असतील तर शंभर व्होल्टची पद्धत वापरतात: अॅम्प्लिफायरपाशी दाब वाढवायचा आणि प्रत्येक कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्स्फॉर्मरने उतरवायचा. दाब वाढला की प्रवाह कमी, आणि बारीक तारेतही नुकसान थोडे. विजेच्या मोठ्या मनोऱ्यांवर हीच युक्ती आहे.

आम्ही काय केले ते सांगून थांबतो. अॅम्प्लिफायर कचेरीतून उचलून व्यासपीठाच्या मागे आणला. तीस मीटरची तार आठ मीटरवर आली. तालुक्याला जाऊन अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची तार आणली. पुढच्या वर्षी थोडी वर्गणी पुन्हा काढून स्पीकर बदलले. या वेळी दुकानात बातम्या लावायला सांगितल्या आणि पेट्यांना टिचकी मारून पाहिली. दुकानदार हसला, पण त्याने दाखवले. पेट्या जमिनीवर न ठेवता माणसांच्या डोक्यांच्या वर टेबलांवर ठेवल्या, तोंडे मागच्या रांगांकडे वळवली. पंधरा ऑगस्टला आजी पुन्हा मागेच बसल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी भाषणातली एक चूकही दाखवली. नातीने गावच्या हुतात्म्याचे नाव चुकीचे घेतले होते.

ती करंगळीएवढी तार अजून शाळेत आहे. आवरण मजबूत निघाले. मागच्या अंगणात दोन खांबांना ती बांधली आहे, आणि मध्यान्ह भोजनाची फडकी तिच्यावर वाळतात.